लॅपटॉपचा बॅटरी बॅकअप कसा वाढवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात, नात्यात, ऑफिसात कुणाचाही लॅपटॉप "लवकर उतरायला" लागला की तो माझ्या टेबलावर येतो. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. शब्दांचा घोळ नको म्हणून आधीच सांगते: इथे 'बॅकअप' म्हणजे एका चार्जिंगवर मिळणारे तास आणि 'आयुष्य' म्हणजे बॅटरी किती वर्षं चालणार ते. लोक दोन्हींबद्दल एकाच श्वासात विचारतात, पण एकाचा उपाय कधी कधी दुसऱ्याच्या मुळावर येतो (प्रश्न १२).

१. जाहिरातीत १५ तास लिहिलं होतं, मला जेमतेम ६ मिळतात. फसवणूक झाली का?

अगदी फसवणूक नाही म्हणता येणार. कंपन्या हा आकडा बहुतेक वेळा लॅपटॉपमध्येच साठवलेला एक व्हिडिओ पुन्हा पुन्हा चालवून काढतात. स्क्रीनचा प्रकाश मंद, इंटरनेट बंद, बाकी काही उघडलेलं नाही. व्हिडिओ उलगडण्यासाठी प्रोसेसरमध्ये वेगळी सोय असते, त्यामुळे मुख्य प्रोसेसर त्या वेळी जवळजवळ झोपलेला असतो. तुमच्या दिवसात मात्र वीस टॅब, व्हॉट्सॲप वेब, दोन मीटिंगा आणि खिडकीशेजारी बसल्यामुळे पूर्ण वाढवलेला प्रकाश असतो. माझा अंदाज असा: साध्या ऑफिसकामात सांगितलेल्या तासांच्या निम्मे मिळाले तर लॅपटॉप ठीक आहे. एक तृतीयांशही मिळत नसतील तर शोध घ्यायला हवा.

२. मग माझ्या लॅपटॉपने किती तास द्यायला हवेत?

हा साधा भागाकार आहे. बॅटरीची क्षमता वॅट-तासांत मोजतात. वीजबिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. नेहमीच्या लॅपटॉपची बॅटरी ४० ते ६० वॅट-तासांची, म्हणजे एका युनिटच्या विसाव्या भागाच्या आसपास. (ती पूर्ण भरायला रुपयाच्याही आत वीज लागते, तेव्हा "चार्जिंगला किती बिल येतं" या काळजीचा इथेच निकाल लागला.)

समजा बॅटरी ५० वॅट-तासांची आहे. लॅपटॉप सरासरी १० वॅट खात असेल तर ५ तास, ५ वॅट खात असेल तर १० तास, २० वॅट खात असेल तर अडीच तास. पुढचं सगळं या भागाकारात बसवून पाहा. १० वॅटमधला अर्धा वॅट वाचवला तर जेमतेम पंधरा मिनिटं वाढतात, तीन वॅट वाचवले तर दोन तासांहून अधिक. म्हणून इंटरनेटवरच्या "बॅटरी वाचवण्याच्या २५ युक्त्या" मला पटत नाहीत. त्यातल्या वीस युक्त्या चिल्लर गोळा करायला लावतात आणि खिशाला पडलेलं मोठं भोक तसंच राहतं.

३. सगळ्यात जास्त बॅटरी काय खातं?

साध्या कामात स्क्रीन. १४ इंची स्क्रीन पूर्ण प्रकाशावर चार ते सहा वॅट घेऊ शकते, मंद प्रकाशावर दीड-दोन. वरच्या भागाकारात हाच फरक दोन तासांचा झाला. म्हणून पहिला उपाय नेहमी तोच: प्रकाश कमी करा आणि बसायची जागा बदला. उजेडाकडे पाठ करून बसलात तर त्याचं प्रतिबिंब स्क्रीनवर पडतं आणि हात आपोआप प्रकाश वाढवायच्या बटणाकडे जातो. उजेड बाजूने येऊ द्या.

दुसरी गोष्ट रिफ्रेश रेट. स्क्रीन सेकंदाला १२० किंवा १४४ वेळा बदलणारी असेल तर बॅटरीवर असताना ती ६० वर आणा. विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'डिस्प्ले', 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले' असं जावं लागतं. एक्सेल भरताना या फरकाने तुमचं काहीही अडणार नाही.

स्क्रीननंतर नंबर ब्राउझरचा (प्रश्न ५) आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचा (प्रश्न ११).

४. डार्क मोडने बॅटरी वाचते का?

स्क्रीन ओलेड असेल तर हो, कारण तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. एलसीडी असेल तर जवळजवळ नाही. तिच्या मागे दिवा सतत तेवढाच जळत असतो, काळा रंग फक्त तो झाकतो. आजही बहुतेक लॅपटॉप एलसीडीचे आहेत. डोळ्यांना बरं वाटत असेल तर खुशाल लावा.

५. मी फक्त क्रोम वापरते, दुसरं काहीच नाही. तरी बॅटरी का उतरते?

"फक्त क्रोम" म्हणजे आज अख्खा संगणक. प्रत्येक टॅब हा एक छोटा प्रोग्रॅम असतो आणि बातम्यांच्या संकेतस्थळांवरच्या हलत्या जाहिराती प्रोसेसरला झोपूच देत नाहीत. प्रोसेसर झोपलेला असला तरच बॅटरी वाचते. सेकंदातून दहा वेळा कुणी उठवलं तर कितीही कमी काम असलं तरी झोप मोडतेच.

करायच्या गोष्टी तीन. क्रोममध्ये 'परफॉर्मन्स' या भागात मेमरी सेव्हर आणि एनर्जी सेव्हर आहेत, ते चालू करा. एजमध्ये याच कामाला स्लीपिंग टॅब्ज आहेत. एक्स्टेन्शनची (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या जादा प्रोग्रॅमची) यादी उघडा आणि कूपन शोधणारे, स्क्रीनशॉट काढणारे, कधीतरी एकदा लागलेले सगळे काढून टाका. आणि एक टॅब पकडा: क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर आहे, त्यात सीपीयूच्या (म्हणजे प्रोसेसरच्या) रकान्याप्रमाणे यादी लावली की गुन्हेगार वर येतो. मॅकवर 'ॲक्टिव्हिटी मॉनिटर'मधला 'एनर्जी' भाग हेच दाखवतो, आणि तिथे सफारी क्रोमपेक्षा सहसा कमी खाते.

६. मीटिंग सुरू झाली की बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. काय करू?

कॅमेरा चालू, येणारे चेहरे उलगडायचे, जाणारा चेहरा आवळायचा, मायक्रोफोनमधला कुकरचा आवाज गाळायचा आणि त्यावर मागची भिंत धूसर करायची. इतकं सगळं एकाच वेळी चालतं. या यादीत सगळ्यात अनावश्यक आहे ती धूसर भिंत. ती बंद करा, मागे साधा पडदा असू द्या. स्वतः बोलत नसाल तेव्हा कॅमेरा बंद, आणि पंचवीस चेहऱ्यांच्या जाळीऐवजी फक्त बोलणाऱ्याचा चेहरा. फार अडचण असेल तर मीटिंग फोनवर जोडा आणि लॅपटॉपवर फक्त कागद उघडे ठेवा. अभ्यासिकेत प्लगजवळची जागा न मिळालेल्या माझ्या भाच्याने ऑनलाइन क्लास असेच काढले.

७. बॅटरी सेव्हर कायम चालू ठेवला तर लॅपटॉप मंद होतो का? काही नुकसान?

नुकसान काहीच नाही. तो प्रकाश कमी करतो, मागे चालणारी कामं थोपवतो आणि प्रोसेसरला उगाच उसळ्या मारू देत नाही. टायपिंग, मेल, वाचन यांत फरक जाणवत नाही, व्हिडिओ एडिटिंगमध्ये जाणवतो. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या अपडेटपासून त्याचं नाव 'एनर्जी सेव्हर' झालं आहे. मॅकवर 'लो पॉवर मोड' २०२१ च्या मॉन्टेरेपासून आहे. बॅटरी अमुक टक्क्यांवर आली की आपोआप सुरू होऊ द्यायची सोय असते, पण मी तो चार्जर काढल्या क्षणापासून चालू ठेवते. टाकी तळाला गेल्यावर नळ बारीक करण्यात काय अर्थ?

बाजारात मिळणारी 'बॅटरी वाढवणारी' वेगळी सॉफ्टवेअरं मात्र घेऊ नका. तीच मागे चालून बॅटरी खातात.

८. झाकण लावून बॅगेत ठेवला. ऑफिसला पोचून काढला तर भट्टीसारखा गरम आणि बॅटरी ८ टक्के. हे कसं?

ही तक्रार गेल्या काही वर्षांत सगळ्यात वाढली आहे, आणि चूक तुमची नाही. पूर्वी झाकण लावलं की लॅपटॉप खरोखर झोपायचा, फक्त मेमरीपुरती वीज वापरायचा. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये 'मॉडर्न स्टँडबाय' नावाची पद्धत आली. त्यात यंत्र फोनसारखं अर्धवट जागं राहतं, अधूनमधून मेल तपासतं, अपडेट शोधतं. एखादा ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा प्रोग्रॅम अडला की ते पूर्ण जागं होतं. बॅगेत हवा नाही, त्यामुळे उष्णता साठते आणि पंखा आणखी जोरात फिरतो.

खात्रीचा उपाय 'हायबरनेट'. यात मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहिलं जातं आणि वीज जवळजवळ शून्यावर येते. उघडल्यावर काम होतं तिथूनच सुरू होतं, फक्त पाच-दहा सेकंद जास्त लागतात. जुन्या 'कंट्रोल पॅनेल'मध्ये 'पॉवर ऑप्शन्स' उघडा, झाकण लावल्यावर काय व्हावं हा पर्याय निवडा आणि बॅटरीच्या रकान्यात 'स्लीप'च्या जागी 'हायबरनेट' करा. ते यादीत दिसत नसेल तर त्याच पानावर सध्या बंद असलेल्या सेटिंग्ज बदलण्याची ओळ आहे, तिथून ते आधी चालू करावं लागतं.

एक साधी सवयही उपयोगी पडते: आधी चार्जरची पिन काढा, मग झाकण लावा. काही यंत्रं उलट क्रमाने केलं तर चार्जर अजून लावलेलाच आहे अशा समजुतीत जागी राहतात. आणि एवढं करूनही बॅग गरम होत असेल तर निघताना सरळ शटडाऊन करा.

९. ब्लूटूथ, वाय-फाय, कीबोर्डचा दिवा बंद ठेवावा का?

ब्लूटूथने नगण्य फरक पडतो. कीबोर्डचा दिवा दिवसा बंद ठेवा, तेवढाच अर्धा-पाऊण वॅट. वाय-फाय बंद केल्याचा फायदा त्याच्या स्वतःच्या विजेपेक्षा मागे चालणारं सिंक (मेल, फोटो, फाइली यांची इंटरनेटवरची देवाणघेवाण) थांबल्यामुळे होतो. पोर्टेबल हार्ड डिस्क मात्र काम झालं की लगेच काढा. तिची फिरणारी तबकडी दोन-तीन वॅट सहज घेते.

१०. गावी फोनचं नेट केबलने लॅपटॉपला जोडतो. तेव्हाच बॅटरी जास्त का उतरते?

कारण त्या केबलमधून नेट लॅपटॉपकडे येतं आणि वीज फोनकडे जाते! तुमचा लॅपटॉप फोन चार्ज करत असतो. साध्या यूएसबी पोर्टमधूनही अडीच वॅट जाऊ शकतात, नव्या पोर्टमधून त्याहून बरेच जास्त. वायफाय हॉटस्पॉटने जोडा, मग भार फोनवर राहील. फोन लॅपटॉपच्या जवळ ठेवा आणि फोनला रेंज येते त्या खिडकीशी दोघांनाही बसवा.

हाच न्याय बंद लॅपटॉपलाही लागू. काही पोर्ट झाकण लावल्यावरही वीज देत राहतात, त्यामुळे डोंगल आणि केबल लावून ठेवू नका.

११. गेमिंग लॅपटॉप आहे. गेम न खेळताही दोन तासच का?

वेगळं ग्राफिक्स कार्ड झोपत नसेल म्हणून. ते नुसतं जागं राहिलं तरी पाच-दहा वॅट खातं. जागं राहण्याची कारणं पाहा: एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर (बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये ते पोर्ट थेट ग्राफिक्स कार्डाला जोडलेलं असतं), हलता वॉलपेपर, किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'डिस्क्रीट' (फक्त वेगळंच कार्ड वापरणारा) हा मोड कायमचा निवडलेला. तो 'हायब्रिड' किंवा 'ऑप्टिमस' करा. विंडोजच्या 'ग्राफिक्स' सेटिंगमध्ये ब्राउझर आणि ऑफिससाठी 'पॉवर सेव्हिंग' निवडता येतं. बॅटरीवर गेम खेळून तीन तास मिळावेत ही अपेक्षा मात्र सोडा. ६० वॅट-तासांच्या बॅटरीवर ६० वॅटचा खेळ एक तास चालतो, भागाकार कुणाला सुटत नाही.

१२. पूर्ण उतरवूनच चार्ज करावा असं म्हणतात. आणि कायम पिन लावून ठेवली तर बॅटरी खराब होते का?

पहिली समजूत निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली आणि अर्धवट उतरवून चार्ज केल्यास क्षमता कमी भासण्याचा तो जुना 'स्मृतिदोष' तिला नाही. ४० टक्क्यांवर लावा, ७० वर काढा, तिला काही वाटत नाही. उलट वारंवार शून्यापर्यंत नेणंच तिच्या आयुष्याला वाईट.

दुसऱ्यात तथ्य आहे. जास्त चार्ज होऊन ती फुटत नाही, चार्जिंग आपोआप थांबतं. पण १०० टक्क्यांवर आणि गरम अशी महिनोन्महिने राहिली तर लवकर म्हातारी होते. म्हणून बहुतेक कंपन्या ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय देतात. लेनोवोच्या 'व्हँटेज'मध्ये, आसुसच्या 'मायआसुस'मध्ये, इतरांच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ती सापडते. सुरुवातीला म्हटलं तो पेच इथे येतो: ८० वर थांबलात तर आयुष्य वाढतं, पण आजचा बॅकअप पाचव्या भागाने कमी होतो. टेबलावर बसून काम असेल तर ८० ठेवा, प्रवासाच्या आदल्या रात्री १०० करा.

(घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला हा नियम लावू नका. ती लेड-ॲसिडची, तिला पूर्ण भरलेलं राहायलाच आवडतं.)

१३. बॅटरी मुळातच थकली आहे का, हे दुकानात न जाता कसं कळेल?

विंडोजमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा. इंग्रजीत पॉवरसीएफजी लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ द्या आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट असं जोडून लिहा. एन्टर दाबलं की एक फाइल तयार होते आणि ती कुठे आहे ते तिथेच दिसतं. त्यात दोन आकडे पाहा: 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आज पूर्ण भरल्यावरची. दुसरा पहिल्याच्या ८० टक्के असेल तर वयानुसार ठीक. ५० च्या खाली असेल तर सेटिंग्ज बदलत बसू नका, नवी बॅटरी घ्या (प्रश्न १८).

मॅकवर 'सिस्टिम सेटिंग्ज'मधल्या 'बॅटरी'त 'हेल्थ' दिसतं. 'सिस्टिम इन्फर्मेशन'च्या 'पॉवर' भागातला 'सायकल काउंट' हा आकडा लोकांना घाबरवतो. एक सायकल म्हणजे एकदा पिन लावणं नव्हे. दोनदा ५०-५० टक्के वापरलं की एक सायकल. अलीकडच्या मॅकबुकसाठी १००० सायकलींची मर्यादा धरलेली आहे.

१४. बॅटरी ३० टक्के दाखवते आणि लॅपटॉप फटकन बंद पडतो. असं का?

दोन शक्यता. टक्के सांगणाऱ्या मापकाचा हिशेब चुकला आहे, किंवा आतला एखादा सेल थकला आहे आणि जास्त भार आला की त्याचा विद्युतदाब (व्होल्टेज) कोसळतो. आधी पहिली तपासा: १०० पर्यंत भरा, दोन तास पिन तशीच ठेवा, मग साधं काम करत बंद पडेपर्यंत वापरा, थोड्या वेळाने न थांबता पुन्हा पूर्ण भरा. हे एकदाच करायचं, दर आठवड्याला नाही. त्यानंतरही तसंच झालं तर सेल गेला असं समजा.

१५. आमच्याकडे लाईट जाते. लॅपटॉपसाठी पॉवर बँक चालेल का?

लॅपटॉप यूएसबी-सीने चार्ज होत असेल तरच, आणि पॉवर बँक ४५ किंवा ६५ वॅट देणारी असेल तरच. फोनसाठीची १८-२२ वॅटची पॉवर बँक बरेच लॅपटॉप स्वीकारतच नाहीत. पाकिटावरचा २०,००० एमएएच हा आकडा ३.७ व्होल्टचा असतो, म्हणजे ७४ वॅट-तास. वाटेतली गळती धरून ६० च्या आसपास हाती येतात, म्हणजे नेहमीच्या लॅपटॉपचं एक पूर्ण चार्जिंग.

पण लाईट गेल्यावर लॅपटॉप तीन-चार तास तसाही चालतो, आधी मरतो तो राउटर. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठीचा छोटा यूपीएस पॉवर बँकेपेक्षा स्वस्त पडतो. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असायची, तेव्हा त्याच एका डबीवर अख्ख्या घराचं काम चाललं.

१६. रेल्वेत आणि विमानात काय लक्षात ठेवावं?

रेल्वेच्या अनेक डब्यांत सॉकेटला ११० व्होल्ट असतात. ॲडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असेल (बहुतेकांवर असतं) तर बिनधास्त लावा. आगीचा धोका टाळण्यासाठी रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद ठेवायचं रेल्वेने २०२१ मध्ये ठरवलं, तेव्हा रात्रीच्या गाडीत जेवणाआधीच पिन लावा.

विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी विनापरवानगी चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते. पॉवर बँक कायम हातातल्या बॅगेतच. मोठ्या लॅपटॉपची बॅटरी ९९ किंवा ९९.९ वॅट-तासांवर का थांबते, त्याचं कारण हेच.

१७. उन्हाळ्यात बॅकअप कमी होतो का?

होतो, कारण पंखा जास्त फिरतो आणि तापलेली चिप तेवढ्याच कामाला जास्त वीज घेते. खरा फटका आयुष्याला बसतो. ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी ३५ अंशांपर्यंतची हवा ठीक मानते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि बंद गाडीत त्याहून वर. गादीवर, उशीवर ठेवून काम करू नका, खालची हवा कोंडते.

थंडीत उलट होतं. कॅनडात शिकणाऱ्या एका मैत्रिणीच्या मुलाने कळवलं की बाहेरून आल्यावर बॅटरी निम्मी दाखवते. गारठलेली बॅटरी तात्पुरती कमी देते, उबेला आली की पूर्ववत होते. फक्त गोठलेली असताना चार्जिंगला लावू नये.

१८. टचपॅड दाबला जात नाही, झाकण नीट बसत नाही. बॅटरी फुगली असेल का? बदलायची तर कुठली घ्यावी?

बहुधा हो. टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगणं हीसुद्धा तीच खूण. पिन काढा, बंद करा, पुन्हा चार्ज करू नका. फुगलेली बॅटरी टोचून "हवा काढणारे" महाभाग मी पाहिले आहेत. तसं केलं तर ती पेट घेते.

नवी शक्यतो कंपनीची घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून घेत असाल तर जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर, व्होल्ट आणि वॅट-तास हे तिन्ही जुळवा, वॉरंटी बिलावर लिहून घ्या. मी एकदा नुसत्या स्टिकरवर विश्वास ठेवला आणि 'ओरिजिनल' म्हणून घेतलेली बॅटरी चार महिन्यांत निम्म्यावर आली. बसवल्यावर प्रश्न १३ मधला अहवाल काढाच, पण तिथला आकडाही नकली बॅटरी खोटा सांगू शकते. शेवटी घड्याळ लावून पाहावं लागतं. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा केंद्रात द्या.

१९. सगळं केलं. तरी एक दिवस ७ तास मिळतात, दुसऱ्या दिवशी ३. लॅपटॉपला मूड आहे का?

मूड नाही, मागे काहीतरी चाललेलं असतं. विंडोजचं अपडेट उतरत असतं, अँटीव्हायरस आठवड्याची झडती घेत असतो, किंवा लग्नाचे फोटो क्लाऊडवर चढत असतात. वाईट दिवस आला की त्याच दिवशी 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'पॉवर अँड बॅटरी' उघडा आणि कुठल्या ॲपने किती टक्के खाल्लं ती यादी पाहा. उद्यावर टाकू नका. यादीत मागे चाललेलं ॲप वर दिसलं तर त्याची पार्श्वभूमीतली परवानगी काढा. यादीत काहीच संशयास्पद नसेल आणि तरी पंखा फिरत असेल तर रिस्टार्ट करा. 'शटडाऊन' नव्हे, 'रिस्टार्ट'. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाऊननंतरही आतला गाभा तसाच जपून ठेवला जातो आणि अडकलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी तुमच्याबरोबर पुन्हा उठतो.